सीईटी दिली म्हणजे प्रवेश झाला नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गंगाखेडला मी नऊ वर्षांपासून महा ई-सेवा केंद्र चालवते. पीकविमा, सातबारा, नॉन-क्रिमिलेअर ही रोजची कामं. त्यात सीईटीचे फॉर्म आले की केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

गेल्या वर्षी जवळच्या गावातली एक मुलगी बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीचा फॉर्म भरायला आली. घरी अडीच एकर जमीन आणि आजोबांपासून चालत आलेला कुळाचा वाद. जुने कागद निजामकाळातले, उर्दूत. हैदराबाद कूळवहिवाट कायदा, त्यातलं कुळाला मालकी देणारं कलम ३८-ई हे शब्द तिला लहानपणापासून पाठ. तारखांना जाऊन वडील थकले, म्हणून हा कागद आता आपणच वाचायचा असं तिनं ठरवलं होतं.

पेपर मराठीतून दिला, गुण चांगले पडले. मग ती घरी यादीची वाट पाहत बसली. गावच्या कॉलेजात अर्ज दिला की यादी लागते, एवढंच तिनं पाहिलेलं. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करायची असते, कागदपत्रं अपलोड करायची असतात, कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो, हे तिला कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. पावती तिच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाचा आधार नंबर विचारला. फॉर्मवर मोबाइल भावाचा, तो चाकणला कंपनीत.

सोयाबीनच्या काढणीत ती आली. पावती प्लास्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. "मॅडम, माझा नंबर कुठं लागला?" नोंदणीची मुदत कधीच संपली होती. कॉलेज स्वतः भरतं त्या संस्थास्तरावरच्या जागेची चौकशी केली, पण ती फी त्या घराला झेपणारी नव्हती. सीईटीचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत.

ही एकटीच नाही. कुणाच्या नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली असते. कुणाचा पुसट स्कॅन छाननीत परत येतो आणि ती सूचना लॉगिनमध्येच पडून राहते. छत्रपती संभाजीनगरला २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथला प्रवेश क्लॅटवर होतो, आणि ती परीक्षा वेगळी, इंग्रजीतून, हेही अनेकांना सीईटी दिल्यावर कळतं.

सीईटी कक्षाला विनंती आहे की हॉलतिकिटावरच ठळक मराठीत छापावं: 'निकालानंतर कॅप नोंदणी स्वतंत्रपणे करावी.' पालकाच्या नंबरवरही मराठीत मेसेज जावा. परभणी, नांदेड, लातूरच्या विधी महाविद्यालयांनी नोंदणीच्या दिवसांत तालुक्याला एक माणूस बसवावा. जागा मी माझ्या केंद्रात देते, भाडं नको. आणि आपण इंजिनिअरिंग-मेडिकलच्या फेऱ्यांचं वेळापत्रक छापता, तसं लॉचंही छापावं. आमच्याकडे पेपर एसटी स्टँडवर येतो आणि चार घरं फिरतो.

त्या मुलीनं यंदा पुन्हा सीईटी दिली आहे. या वेळी फॉर्मवर तिच्या नंबरासोबत माझाही नंबर आहे.

– एक केंद्रचालिका, गंगाखेड (जि. परभणी)