पाण्याबद्दल एक ओळ तरी छापायची होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या पाम स्प्रिंग्ज गावावरचा लेख मी काल दोनदा वाचला. दुसऱ्यांदा यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘जून-जुलैत हॉटेलं स्वस्त मिळतात, तेव्हाच गाठा’ हे वाक्य आलं तसे ते उठून पडवीत जाऊन बसले.

आम्ही त्याच दिवसांत गेलो होतो. मुलगी लॉस एंजेलिसजवळ राहते, तिथून गाडीने दोनेक तास. सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण न्याहारी लांबली आणि जोशुआ ट्री नॅशनल पार्कात शिरायला साडेदहा वाजले. माणशी पाण्याची एकेक बाटली. आम्ही कोकणातली माणसं, उन्हाला काय घाबरायचं, असं मीच जावईबापूंना म्हटलं होतं. तिथेच चुकलं. आपल्याकडे मे महिन्यात घाम निथळतो, सदरा पाठीला चिकटतो, म्हणून माणूस आपणहून तांब्याकडे हात नेतो. तिथली हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. अंग कोरडं, म्हणजे सगळं ठीक, असंच वाटत राहतं. बाराच्या सुमारास हे एका खडकाच्या सावलीला टेकले ते उठेचनात. बोलताना शब्द अडखळायला लागले. कपाळावरून हात फिरवला तर हाताला मीठ लागलं.

बाटल्या रिकाम्या. मोबाईलला रेंज नाही. पार्क तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठा, आणि पिण्याचं पाणी मिळतं ते कडेच्या मोजक्या ठिकाणी. आत नळ नाही. शेजारी गाडी लावलेल्या एका कुटुंबाने बर्फाच्या पेटीतलं पाणी काढून दिलं, त्यातल्या बाईंनी ओला टॉवेल यांच्या मानेवर धरून ठेवला. त्या स्पॅनिश बोलत होत्या, मी मराठी. ती बाई भेटली नसती तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही माझे हातपाय गार पडतात.

माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी न्या, फार चालणार असाल तर त्याच्या दुप्पट, असं पार्कवाले स्वतःच सांगतात. उन्हाळ्यात पाम स्प्रिंग्जच्या खोऱ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तुमच्या लेखात पोहण्याच्या तलावांना आणि गोल्फच्या मैदानांना अर्धं पान आहे. पाण्याला एक ओळ नाही. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत, म्हातारे आईवडील सुट्टीत जातात, आणि ते तुमचाच पेपर वाचून जातात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर तिथला रोपवे आहे. 1963 साली सुरू झालेला तो पाळणा दहा-बारा मिनिटांत साडेआठ हजार फुटांवर नेतो. वर देवदारासारखी उंच झाडं आणि खालच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी गार हवा. आजारपणानंतर यांना खरा हुरूप तिथेच आला. लेखकाने रोपवे अर्ध्या वाक्यात उरकला आहे.

आता त्या छायाचित्राबद्दल. पाम कॅन्यनच्या चित्राखाली ‘नारळीच्या बागेतून फेरफटका’ असं गुहागरात येणाऱ्या पेपरात कसं छापलं जातं? पानं बघा, ताडासारखी पंख्याच्या आकाराची आहेत. तो तिथलाच मूळचा पाम आहे. वाळलेली पानं गळत नाहीत, खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबत राहतात. त्या पानांनी काहुइया लोक, म्हणजे तिथले मूळचे आदिवासी, घरं शाकारत, आपल्याकडे झापांनी शाकारायचे तशी. ती घळ आजही त्याच लोकांच्या मालकीची आहे. त्यांच्या शाखेचं नाव आग्वा कालिएंते, म्हणजे गरम पाणी, गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून पडलेलं. आपल्याकडच्या गरम झऱ्यांच्या गावांतल्या, उन्हवरे आणि आरवलीच्या माणसाला हे वाचून किती जवळचं वाटलं असतं! लेखात त्या लोकांचं नावसुद्धा नाही.

जोशुआ ट्री या झाडाला निवडुंग म्हटलंय तेही चूक. ती युक्का आहे, घायपाताच्या नात्यातली. एक इवलासा पतंग तिच्या फुलांत पराग पोचवतो आणि तिथेच अंडी घालतो. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. अशा जागेला लेखक तीनदा ‘ओसाड’ म्हणतो. आपल्या सड्यांनाही लोक हेच म्हणतात, आणि श्रावणात त्याच कातळावर पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं येतात.

जाता जाता आणखी एक. दोन महिन्यांपासून तुम्ही भरती-ओहोटीच्या वेळा छापणं बंद केलं आहे. ती जागा सहलींच्या जाहिरातींना गेलेली दिसते. आमच्या किनाऱ्यावर दर सुट्टीला घाटावरची मुलं पाण्यात उतरतात, त्यांना विचारायला आम्ही प्रत्येक वेळी तिथे नसतो. निदान ती चौकट परत सुरू करा.

कळावे,
एक वाचक, खालचापाट, गुहागर