लेपाबद्दलही छापा

संपादक महोदय,

सिरॅमिकच्या साच्यावर, म्हणजे शरीरात बसवायच्या छिद्रे-छिद्रे असलेल्या आधारावर, हाड वाढवण्याची आपली बातमी वाचली. गेली नऊ वर्षे मी प्रयोगशाळेत असेच साचे बनवते, त्यामुळे विषय पहिल्या पानावर आला याचा आनंद झाला. पण त्यावरच्या लेपाला 'संरक्षक थर' म्हटले आहे, ते बरोबर नाही.

शरीरात बसवलेल्या साच्यापाशी पेशी पोहोचण्याआधीच रक्तातली प्रथिने त्यावर चिकटतात. पेशी धरतात ती या प्रथिनांना. कोणती प्रथिने बसतील आणि कशी, हे पृष्ठभागावर अवलंबून असते. म्हणून हाडातल्या खनिजाशी मिळतेजुळते हायड्रॉक्सीॲपेटाइट वापरले, तरी वर कोलॅजेन (हाडातलेच एक प्रथिन), त्यापासून बनणारे जिलेटिन किंवा बायोग्लास (हाडाशी जोडली जाणारी काच) यांचा थर देतात.

हे काम किती नाजूक आहे ते सांगते. स्पंजला सिरॅमिकचा घोळ पाजून भट्टीत बाराशे अंशांच्या वर भाजला की स्पंज जळून जातो आणि खोडरबराएवढी पांढरी जाळी उरते. चिमटीत जरा जोरात धरली तर कडेचा भुगा होतो. मी पहिल्यांदा तिला जिलेटिनचा दाट लेप दिला. जाळी चकचकीत झाली, भुगाही पडेना. मी खूश होते. मग कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर छिद्रांच्या तोंडांवर पडदे ताणलेले! रक्तवाहिन्या आणि हाड आत शिरायला निदान १०० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), शक्यतो ३०० मायक्रॉनहून मोठी, मोकळी वाट लागते. मी ती हातांनी बुजवली होती. आता द्रावण पातळ ठेवते आणि जास्तीचे हवेच्या झोताने काढून टाकते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रक्तद्रवातल्या क्षारांसारखे क्षार घातलेल्या, ३६.५ अंशांवरच्या द्रावणात साचा ठेवून त्यावर ॲपेटाइट, म्हणजे हाडातल्यासारखे खनिज, जमते का, हे पाहण्याची पद्धत जपानी संशोधक कोकुबो यांनी रूढ केली. चाचणी उपयोगी आहे, पण त्या द्रावणात एकही पेशी नसते. आपल्या बातमीतला प्रयोग हाच होता, आणि मथळा होता 'हाड तयार झाले'. प्रयोग द्रावणात झाला, पेशींवर, प्राण्यांत की माणसांत, एवढे कृपया पहिल्या परिच्छेदात द्यावे.

बातमी वाचून ओळखीच्या एका ताईंनी मला फोन केला. त्यांच्या मुलाच्या नडगीचे हाड अपघातानंतर जुळलेले नाही. "पुढच्या महिन्यात बसवता येईल का गं?" असे त्यांनी विचारले. नाही म्हणताना मला फार जड गेले.

— आपली एक वाचक