गुरुवारच्या न्योकीबद्दल

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगितलंस, की गुरुवारी फ्लोरेन्सच्या त्या घरात तुझ्याबरोबर राहणारी मुलं न्योकी, म्हणजे पाण्यात उकडलेले छोटे इटालियन गोळे, करायला घेतात तेव्हा तू सॅलडची वाटी घेऊन खोलीत जाऊन बसतोस. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. तुझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ आलंय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, तेव्हा पथ्य हवंच. पण त्यासाठी पंगतीतून उठायची गरज नाही. तुझा तो रोमचा मित्र गुरुवार पाळतो, कारण त्याच्या शहरात गुरुवारी न्योकी करायची जुनी रीत आहे. त्या टेबलावर तूही बसायला हवंस.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. ‘मी बारीक आहे, रोज सायकल चालवतो, मग मलाच का?’ असं तू विचारलं होतंस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीचा अनेक वर्षं अभ्यास केला. आपल्याकडचा माणूस दिसायला सडपातळ असला, तरी त्याच बांध्याच्या युरोपियन माणसापेक्षा त्याच्या अंगात चरबी जास्त असते, तीही पोटाभोवती. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, पण चरबी एकाची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१. त्यात तुझ्या आजोबांना चाळिशीतच साखर निघाली होती. तेव्हा यात तुझा काही दोष आहे, हे आधी मनातून काढून टाक.

आता न्योकी. तुझ्या घरात होते ती बटाट्याची, आणि खरी अडचण त्या बटाट्यातच आहे. बटाटा उकडला की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. मग तो गरम असतानाच चाळणीतून दाबून अगदी मऊ करतात, त्यामुळे पोटाला करायला फारसं कामच उरत नाही. वर मैदा. टोरोंटो विद्यापीठात डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स मांडला, म्हणजे एखाद्या पदार्थानं रक्तातली साखर किती झपाट्यानं वाढते याचा आकडा. त्यात ५५ पर्यंत कमी आणि ७० किंवा त्याहून वर जास्त असं धरतात. कुस्करलेला बटाटा बहुतेक वेळा वरच्या गटात जातो. पिझ्झा-पास्त्याच्या देशात राहून बिघडलं, असं तू म्हणालास. पण दातांना किंचित लागेल इतपत शिजवलेला ड्युरम गव्हाचा पास्ता या बाबतीत न्योकीपेक्षा पुष्कळ बरा.

पण बटाटा अमेरिकेतून युरोपात यायच्या आधीही इटलीत न्योकी होतीच. कुठे पिठाची, कुठे शिळ्या पावाची, कुठे ताज्या चीजची. आणि तू राहतोस त्या फ्लोरेन्समध्ये तर न्यूदी आहेत. राविओलीत, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्यात, भरायचं पालक आणि रिकोत्ता या मऊ ताज्या चीजचं सारण, वरच्या पारीशिवाय, नुसतं गोळे करून पाण्यात सोडलेलं. गेल्या वसंतात मी तुझ्याकडे होते तेव्हा तुझ्या घरमालकीणबाईंनी मला शेजारी उभं करून ते शिकवलं. तू तेव्हा कॉलेजात होतास. मी पुण्याला आल्यापासून ते करतेय. त्या मैदा घालायच्या, मी बेसन घालते, एवढाच फरक. तिकडे सांत आंब्रोज्योच्या मंडईत ‘फारिना दि चेची’, म्हणजे चण्याचं पीठ, मागितलंस की मिळेल. तिथलं पीठ काबुली चण्याचं असतं, चव थोडी सौम्य. तुमच्या तोस्काना प्रांताच्या किनाऱ्यावर चेचीना आणि शेजारच्या लिगुरियात फारिनाता नावाची भाजलेली पोळी करतात, ती याच पिठाची, त्यामुळे दुकानदाराला हे नवं वाटणार नाही.

दोघांपुरतं प्रमाण असं. रिकोत्ता २५० ग्रॅम. तो आदल्या रात्री मलमलच्या कापडात बांधून, चक्क्यासारखा टांगून फ्रीजमध्ये ठेव, खाली वाडगा. ही पायरी टाळू नकोस. रिकोत्ता ओला राहिला की गोळा धरायला पीठ वाढवावं लागतं, आणि पीठ वाढलं की आपला सगळा हेतूच गेला. कोवळा पालक ३०० ग्रॅम, मिनिटभर वाफवून, गार करून, दोन्ही तळव्यांत घट्ट पिळायचा. पिळलास असं वाटलं की पुन्हा एकदा पीळ. मग बारीक चिरायचा. बेसन ५० ग्रॅम, मंद आचेवर कोरडंच तीनचार मिनिटं परतून घे, कच्चा वास जाईपर्यंतच. किसलेलं पार्मिज्यानो हे कडक चीज ४० ग्रॅम, एक अंडं, मिरपूड, आणि जायफळ किसून. मीठ बेतानं, कारण चीजमध्ये ते असतंच. सगळं हलक्या हातानं एकत्र करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव.

मग ओल्या हातानं लिंबापेक्षा लहान गोळे कर. आधी एकच पाण्यात सोडून बघ. फुटला तर चमचाभर बेसन अजून घाल, नाही फुटला तर हात लावू नकोस. पाण्याला खळखळून उकळी नको, तळाशी बारीक बुडबुडे येत राहतील इतपतच आच ठेव. गोळे वर आले की आणखी दोनेक मिनिटं राहू दे, आणि झाऱ्यानं काढ. वरून ऑलिव्ह तेलात सेजची पानं कुरकुरीत करून घाल. लोणी घालतात तिथे, पण तुला रोज नको. टोमॅटोचा साधा रस्साही छान लागतो.

हिशेब सांगते. यात एका माणसाच्या वाट्याला साधारण २० ग्रॅम कर्बोदकं येतात. बटाट्याच्या न्योकीच्या भरल्या ताटलीत ती ६० च्या वर सहज जातात. वर प्रथिनं भरपूर, त्यामुळे रात्री अकराला काहीतरी शोधत फिरशील, तसं होणार नाही. तरी इंडेक्स कमी म्हणून दोघांचं एकट्यानं खाऊ नकोस. चीज शेवटी चीजच.

तू मांसमच्छी खात नाहीस म्हणून एक सांगायला हवं. अस्सल पार्मिज्यानो वासराच्या जठरातल्या रेनेटनंच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्यानं, करतात, तो त्यांचा नियमच आहे. ग्राना पादानोही तसंच. वनस्पतिजन्य हवं असेल तर वेष्टनावर ‘काल्यो वेजेताले’ (वनस्पतिजन्य रेनेट) असं लिहिलेलं कडक चीज बघून घे. रिकोत्ता चीज करून उरलेल्या पाण्यापासून होतो, त्यात रेनेटचा अंश असू शकतो. तिथे काय करायचं ते तुझं तू ठरव, मी आग्रह करणार नाही.

दुकानातल्या पाकिटाला मात्र भुलू नकोस. पालकाची हिरवी न्योकी असली तरी मागच्या बाजूला अनेकदा ‘फ्योक्की दि पाताते’ म्हणजे बटाट्याचा चुरा लिहिलेला असतो, कधी तांदळाचं पीठही.

आणि मुलांनी बटाट्याची केली तर? तू तुझी न्यूदी त्याच पातेल्यात, त्यांच्या आधी सोड. आधी कोशिंबिरीसारखं काहीतरी कच्चं खा, मग त्यांच्यातल्या चारपाच न्योकी घे, चवीपुरत्या. जेवणानंतर सगळ्यांना घेऊन आर्नो नदीच्या काठानं वीस मिनिटं चालून ये.

तुझ्याकडे ग्लुकोमीटर आहेच. या गुरुवारी पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोज. १४० च्या आत आली तर हेच प्रमाण ठेव. वर गेली तर काय काय किती खाल्लंस ते आकड्यासकट मला लिही, बेसन कमी करून बघू.

तुझी,
आई