लष्करी इतिहासासाठी मराठी नियतकालिक हवे

महोदय,

१९३७ साली वेगळ्या नावाने सुरू झालेले ‘जर्नल ऑफ मिलिटरी हिस्टरी’ हे अमेरिकी त्रैमासिक केवळ लढायांच्या वर्णनांवर थांबत नाही; रसद, भरती, सैनिकांचे आजार अशा विषयांवरील लेखही ते तज्ज्ञांकडून तपासून घेऊनच छापते. मराठीत लष्करी इतिहासावर भरपूर लिहिले जाते, पण त्यात शौर्यगाथाच अधिक. १७३९ च्या वसई मोहिमेत तटाखाली सुरुंग ठासले गेले, त्यांची दारू कुठून आली, पावसाळा तोंडावर असताना खाडीपलीकडे धान्य कसे पोचले, हे मोडी कागदांच्या आधारे तपासायला हवे. मुंबई विद्यापीठाने असे नियतकालिक, मूळ कागदांच्या देवनागरी लिप्यंतरासह, अवश्य सुरू करावे.

– एक वाचक, दादर, मुंबई