आजीची वाकळ काचेत लावण्याआधी

वाई

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर म्हणालीस, "आई, आजीची वाकळ पाठवून दे. मी ती काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलच्या भिंतीवर लावणार आहे." मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल आई रागावली. रागावले नव्हते गं. तुझा फोन आला तेव्हा वाकळ माझ्यासमोर सतरंजीवर पसरलेलीच होती, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि दोन विटा ठेवलेल्या, आणि तिच्यावर नवं कापड चढून निम्मी शिवण झालीही होती. तू जी वाकळ मागत होतीस ती तशी आता राहिलेली नाही. एवढी गोष्ट फोनवर धड सांगता आली नसती, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की घट बसायच्या आधी मी नेहमीप्रमाणे अंथरूण-पांघरूण धुवायला काढलं. तुला आठवतं ना, तू लहान असताना आपण सगळं गाठोडं बांधून कृष्णेवर न्यायचो? त्या चार दिवसांत घाटाच्या पायऱ्या दिसायच्याच नाहीत. ढोल्या गणपतीच्या देवळापासून खाली पाण्यापर्यंत नुसत्या गोधड्या वाळत पडलेल्या असायच्या. पेशव्यांच्या सरदार रास्त्यांनी ते देऊळ 1762 साली बांधलं, त्याच्या आसपासच घाटही झाले. तेव्हापासून किती घरांची पांघरुणं त्या दगडांवर वाळली असतील! आता बहुतेक जणी घरीच मशीनला लावतात. पण आजीची वाकळ मशीनला लावायची माझी छाती झाली नाही. शेजारच्या काकूंना घेऊन घाटावरच गेले. भिजलेली वाकळ एकटीच्यानं उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून पीळ घालायला लागलो आणि मधोमध चर्रकन फाटली.

मी तिथेच पायरीवर बसले. हात गळून गेले माझे. तीस वर्षं सांभाळलेली वस्तू माझ्याच हातून गेली असं वाटलं.

घरी आणून उन्हात पसरली आणि फाटलेल्या जागी बोट घालून आत पाहिलं. वर आजीचं निळं इरकल. त्याच्या खाली आजोबांचं धोतर, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. आणि त्याच्या खाली कापडाचा नुसता थर नव्हता, आणखी एक अख्खी वाकळ होती! तिला तांबड्या दोऱ्याचे टाके, आजीच्या टाक्यांपेक्षा मोठे आणि जरा तिरके. मी लगेच वन्संना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, ती माझ्या आजीची. आईनं ती फाटायला आल्यावर आत घालून वरून नवी शिवली. मी तेव्हा दुसरीत होते, सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझ्याकडे होतं."

म्हणजे तुझ्या पणजीची वाकळ आजीच्या वाकळेच्या पोटात इतकी वर्षं होती आणि आपण दोघी तिच्याखाली झोपत होतो. मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. बहुधा सांगण्यासारखं काही आहे असं आजींना वाटलंच नसेल. विरलेली वाकळ टाकत नाहीत, नवीच्या आत घालतात, एवढी साधी ती गोष्ट त्यांच्यासाठी. मग मीही तेच केलं.

वरच्या बाजूला माझी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची सुती साडी लावली आहे, ती मोरपंखी. खालच्या बाजूला बाबांची दोन पांढरी धोतरं जोडून घेतली. तुझ्या कॉलेजच्या सुती ओढण्यांचे चौकोन मधे मधे बसवलेत. नायलॉनची एकही चिंधी घातली नाही. नायलॉनवर टाका धरत नाही, सरकतो, आणि अंगाला घाम येतो. एक चूक मात्र झाली. काठाला लावायला बाजारातून तांबडं कापड आणलं. दुकानदार म्हणाला रंग पक्का आहे, आणि मी न भिजवताच लावून टाकलं. पहिल्यांदा पाणी लागताच धोतराच्या पांढऱ्यावर गुलाबी ओघळ आले. दोनदा धुतलं, थोडे फिके झाले, गेले नाहीत. तो काठ उसवून दुसरा लावायला माझे तीन दिवस गेले. तुला ते डाग दिसतील. कापड नवं असेल तर आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं आणि पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचं, हे तू तरी लक्षात ठेव.

शिवायची रीत तुला माहीत असायला हवी, कारण थोडं काम मी तुझ्यासाठी ठेवलं आहे. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून घ्यायचे. मग काठापासून धावदोरा सुरू करायचा. टाका तांदळाएवढा. चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, दोन ओळींत एक बोट अंतर. कोपरा आला की वळायचं, कापड फिरवायचं नाही, आपण सरकायचं. ही वाकळ जाड झाली आहे, आत दोन वाकळा आहेत. सुई एका दमात पार होत नाही. दोऱ्याला मेण लावते, बोटात अंगुस्तान घालते, तरी संध्याकाळी बोटं हुळहुळतात. दिवसाला दोन फेरे झाले तरी खूप.

शिवता शिवता सारखी ती साताऱ्याजवळच्या लिंब गावची विहीर डोळ्यांपुढे येत होती. भाऊबीजेला वन्सं आल्या होत्या, तेव्हा आम्ही दोघी एसटीनं गेलो. तू शाळेच्या सहलीबरोबर गेली होतीस, पण तुला फक्त वटवाघळं आठवतात! परत बघायला हवी. राजघराण्यातल्या वीरूबाई भोसल्यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत. शिलालेखात त्यांचं नाव आहे. वरून पाहिलं तर शिवपिंडीसारखा आकार, मुख्य विहीर अष्टकोनी, खोली 110 फूट. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की थेट विहिरीच्या अंगातच महाल लागतो, खांबांवर कोरीव काम आहे. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा. वन्सं तिथे खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

मी वर जाऊन थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी ओतायच्या दगडी जागा, पाहत होते. एका वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून बारा मोटेची विहीर. बारा ठिकाणी बैल मागे-पुढे चालतायत, बारा चामड्याच्या मोटा पाण्यानं भरून वर येतायत आणि ते पाणी पाटानं आमराईला जातंय, असं डोळ्यांपुढे आणून बघ. थारोळ्याच्या दगडावरून मी हात फिरवला. कडा गोल झाल्या आहेत, लहान मुलाच्या कोपरासारख्या. छिन्नीनं त्या तशा केलेल्या नाहीत. पाण्यानं आणि वापरानं झाल्या आहेत. एका बाईनं एवढा महाल बांधवला तो झाडांना पाणी मिळावं म्हणून, ही गोष्ट मला त्या सगळ्या कोरीव कामापेक्षा मोठी वाटते.

संग्रहालयांना मी नावं ठेवत नाही हं. पुण्याला केळकर संग्रहालयात मी तुला किती वेळा नेलंय! दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या लेकाच्या, राजाच्या नावानं ते उभं केलं. दिवे, अडकित्ते, घरातल्या साध्यासुध्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. त्यांनी त्या जमवल्या नसत्या तर मोडीत गेल्या असत्या. ज्या वस्तूला घर उरलं नाही तिला काचेआड जागा मिळाली, हे चांगलंच झालं. आपल्या वाकळेला घर आहे, पांघरणारी माणसं आहेत. तुमच्या बेंगळुरूत डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, मी महिनाभर अनुभवला आहे.

त्या महिन्यात तू ऑफिसला गेलीस की मी लालबागेत जायचे, ते तुला माहीत आहे. तिथे काय काय व्हायचं ते मात्र मी कधी सांगितलं नाही. काचघराच्या जवळच्या बाकावर बसून मी वन्संच्या नातवासाठी दुपटं शिवायचे. एक दिवस धारवाडकडच्या एक आजी शेजारी येऊन बसल्या. माझ्या हातातल्या कापडाला हात लावून म्हणाल्या, "कौदी!" मी म्हटलं, "वाकळ." त्यांना मराठी थोडं समजत होतं, मला कानडी अजिबात नाही. त्यांनी सुई घेतली आणि दोन ओळी घालून दाखवल्या. त्यांचाही धावदोरा, त्याही काठापासून आत येणाऱ्या. पुढे आठवडाभर आम्ही रोज भेटलो. काम झालं की दोघी जणी त्या मोठ्या खडकावर चढून केंपेगौडाच्या बुरुजाजवळ बसायचो. तिथल्या पाटीवर लिहिलंय की तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. त्याच्यावर पोरं घसरगुंडी खेळतात, माणसं शेंगा सोलतात. मला फार आवडलं ते ठिकाण.

आता तुझं काम. पार्सल पुढच्या आठवड्यात टाकते. वाकळेच्या एका कोपऱ्यात मी वीतभर जागा नवीन कापडानं झाकलेली नाही. तिथे आजीचं इरकल आणि त्यांचे टाके तुला दिसतील. भिंतीवर तुला जे लावायचं होतं ते तिथे आहे. हात फिरवून बघ.

मधोमध तळहाताएवढा चौकोन मी शिवलेला नाही. आजी त्याला वाकळेचं पोट म्हणायच्या. फाटलेल्या जागी मला चिंधीची एक छोटी गाठ सापडली. सोडून पाहिली तर आत जोंधळ्याचा भुगा, एकही दाणा शाबूत नव्हता. आजी म्हणायच्या, उपाशी वाकळेची ऊब लागत नाही, शेवटचा टाका घालायच्या आधी तिच्या पोटात काहीतरी घालायचं. ती गाठ मी पुन्हा बांधून होती तिथेच ठेवली आहे. तिच्या शेजारी तू तुझी ठेव. जोंधळे तिकडे कुठल्याही दुकानात मिळतील, जोळा म्हणून माग. पाच दाणे पुरेत. तव्यावर कोरडे भाजून घे, म्हणजे कीड लागणार नाही.

सुई वाकळेतच टोचलेली आहे, सोडवताना जपून. मेण लावलेला दोरा काडेपेटीत गुंडाळून ठेवला आहे. साधारण सहा फेरे होतील. टाके वाकडे आले तर उसवू नकोस, राहू देत. दोरा कमी पडला तर तिकडचा घेऊ नकोस, मला कळव, त्याच रिळातला पाठवते. संक्रांतीला येशील तेव्हा एक दिवस जास्तीचा काढ, लिंबला जाऊ. वन्संनाही यायचं आहे.

जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
आई