तीन सूत, अडीच सूत

प्रिय आई-बाबा,

बाबा, डोळ्यात ड्रॉप्स वेळेवर घालताय ना? आईला विचारणार आहे, थापा चालणार नाहीत.

परवा आई फोनवर म्हणाली, या वयात कसलं कॉलेज, आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय आपल्या समाजमंदिरासारखं का? तेव्हा हसले, पण मग म्हणलं नीट लिहूनच पाठवावं. अगं, आपल्याकडचं पॉलिटेक्निक असतं ना साधारण तसं समज, इथं अमेरिकेत १९०१ ला इलिनॉयमधल्या जॉलिएटला असं पहिलं कॉलेज निघालं, आता सगळीकडं आहेत. दोन वर्षांची असोसिएट डिग्री, साठेक क्रेडिट, पण मी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळचे दोनच विषय घेते त्यामुळं चार वर्षं जातील, जाऊदेत. नुसतं इंजिनिअरिंग नाही, मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅल्क्युलस कमी आणि हात जास्त काळे. वर्गातली पोरं एकोणीस-वीसची, मला मॅम म्हणतात, डोकं फिरतं.

बाबा, शॉपमध्ये पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यात आधी काय सांगितलं असेल? लेथ मशीनच्या चकात चावी ठेवून हात सोडायचा नाही!! (आई, चक म्हणजे लोखंडाचा तुकडा घट्ट पकडून फिरवतो तो भाग.) मी उद्यमनगरात तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही नव्या पोरांवर हेच ओरडायचा, इथं फक्त शिवी नव्हती. आणि मला मात्र दाराच्या आत पाऊल टाकू द्यायचा नाही, ते काय मी विसरले नाही हं.

इथं अजून बरंचसं काम इंचातच चालतं. तीन अष्टमांश मोठं का पाच सोळांश, यात ही पोरं अडकून बसतात, मी मनात म्हणते तीन सूत आणि अडीच सूत, संपला विषय. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, तुमच्या तोंडून कानावर पडलेलं.

आई, लेथवर अंगावर दागिना चालत नाही, मंगळसूत्र, बांगड्या सगळं लॉकरमध्ये. आत्ताच सांगते, फोटो बघून फोन करू नकोस.

आता माझं अडलंय ते. माइल्ड स्टीलचा बार पार्टिंग करताना, म्हणजे कापून वेगळा करताना, टूल थरथरतं, जॉबवर, म्हणजे त्या बारवर, लाटा उठतात. स्पीड कमी केला, टूल सेंटरला लावलं, बाहेर पण कमी काढलं, तरी तेच. मी घाबरून फीड फारच हळू देते, म्हणजे टूल फार हळू आत सरकवते, त्यानं होतंय का? रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगा, टूलचं चित्र काढून ठेवा कागदावर, आणि आई, तू फोन जरा सरळ धर, मागच्या वेळी मी अर्धा तास पंखाच बघत बसलेले.

तुमची,
छोटी