डायलॉग पुरे झाले, बाबा

हैदराबाद, रविवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहितेय. परवा मी एवढंच विचारलं होतं, "बाबा, तीन महिन्यांची साखर किती आली?" त्यावर राजेश खन्नाचा आवाज काढून तुम्ही म्हणालात, "बाबूमोशाय, जिंदगी बडी होनी चाहिए, लंबी नहीं." मागे आई हसली आणि विषय गॅसच्या सिलिंडरवर गेला. पत्राला असं मध्ये तोडता येत नाही. वाचताना चष्मा लावा. कुठला चष्मा, ते पुढे लिहिलंय.

आपल्या घरात अवघड काही बोलायची वेळ आली की कुणीतरी उसनं वाक्य पुढे करतं. माझ्या सहामाहीच्या गणिताच्या पेपरवर बाबांनी मुकाट्याने सही केली, "जो डर गया, समझो मर गया" म्हणाले आणि पाटी-पेन्सिल घेऊन शेजारी बसले. पाहुणे येणार असले की भाताचं आधण ठेवायच्या आधी आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "कितने आदमी थे?" आई, तू जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचीस. तुझं अक्षर अजून डोळ्यांसमोर आहे, पण त्यातला एकही सुविचार मला आठवत नाही. गब्बर, आनंद आणि धनंजय माने मात्र शब्दन् शब्द पाठ आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुविचार सगळ्यांसाठी लिहिलेले असतात, आणि डायलॉग तुम्ही नेमके आम्हाला उद्देशून मारायचात.

हल्ली तुमची नात हे सगळे सिनेमे माझ्याबरोबर बघते आणि प्रत्येक वाक्याला तिचा एकच प्रश्न असतो, "हे कोण कोणाला म्हणतंय? आणि का?" तिच्या या 'का'मुळे मला ते सिनेमे पुन्हा नीट बघावे लागले. बाबा, तुम्ही वाक्यं उचललीत पण सीन तिथेच सोडून आलात, असं माझं मत झालंय.

'आनंद'चंच घ्या. 1971 चा सिनेमा, तुम्ही तो किती वेळा बघितलाय याचा हिशोब आई ठेवते. 'जिंदगी बडी' म्हणणारा आनंद तिशीतला आहे. त्याच्या आतड्याला कॅन्सर आहे, त्यावर तेव्हा उपाय नव्हता आणि हाताशी काही महिनेच होते. लांबीचा प्रश्नच उरलेला नाही, म्हणून तो मोठेपणाबद्दल बोलतो. तुम्ही बहात्तरचे आहात. तुम्हाला मधुमेह आहे. त्याला गोळ्या आहेत, चालणं आहे, पथ्य आहे. आनंदचं वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही असं मी म्हणणार नाही, तुमच्याइतकं ते कुणालाच शोभत नाही. पण तो आपल्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव डॉक्टरांसमोर स्वतःच्या तोंडाने घेतो आणि त्याच नावाची टर उडवतो. तुम्ही अजून "थोडी साखर आहे" म्हणता. थोडी म्हणजे किती, ते फाइलमध्ये लिहिलंय, आणि ती फाइल तुम्ही कुणाला दाखवत नाही.

त्याच सिनेमातला मुरारीलाल तुम्ही कसे विसरलात? आनंद रस्त्यात अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारून "अरे मुरारीलाल" म्हणतो. लोक वैतागून निघून जातात, आणि एक दिवस जॉनी वॉकर मागे वळून त्याला "जयचंद" म्हणतो. दोघंही खोटं बोलताहेत हे दोघांना ठाऊक असतं, तरी मैत्री होते. एस.टी.त कंट्रोलर असताना तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. स्टँडवर जतच्या गाडीची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यापासून ते कोल्हापूरला परीक्षेला निघालेल्या पोरांपर्यंत सगळे तुमचे मुरारीलाल होते. निवृत्तीनंतरही संध्याकाळी बाकड्यावर जाऊन बसायचात. आई म्हणते, दिवाळीपासून तुम्ही जात नाही, कारण पायाला मुंग्या येतात आणि तळवे बधिर होतात. बाबा, तुमची 'बडी' जिंदगी त्या बाकड्यावर होती आणि ती साखरेने बंद पाडली. मोठं जगायचं तर तिथवर चालत जायला पाय लागतात. मधुमेहात पायाच्या मुंग्या अंगावर काढायच्या नसतात. साखर बरीच वर्षं वर राहिली की नसांना इजा होते, मग टोचलेलं कळत नाही आणि साधी जखम चिघळते. डोळ्यांचा पडदाही वर्षातून एकदा तपासायचा असतो, नजर चांगली वाटत असली तरी.

आता 'बनवाबनवी'. तो सीन लागला की तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून आधीच हसायला लागता. अशोक सराफ सुधीर जोशींना सांगतात की सत्तर रुपये वारले. गेल्या महिन्यात मी औषधांसाठी पाठवलेल्या पैशांचं काय झालं विचारलं, तेव्हा आईने हेच उत्तर दिलं. मीही हसले. मग फोन ठेवल्यावर आठवलं, की ते सत्तर रुपये कशाचे होते? डायबिटीसच्या औषधाचे! घरमालक सरपोतदार बिचारा इस्तंबूलच्या औषधाची वाट बघत बसलाय, आणि आपण सगळे 1988 पासून त्याला हसतोय. मीही यापुढे हसणारच आहे, वसंत सबनीसांनी लिहिलंच तसं आहे. पण त्या सीनमध्ये निदान पेशंटला तरी औषध हवं होतं. आपल्या घरी पेशंटच धनंजय माने झालाय.

(जाता जाता बाबांसाठी एक. 'बनवाबनवी'ची मूळ गोष्ट 1966 च्या 'बीवी और मकान'ची, आणि तो सिनेमा हृषिकेश मुखर्जींचा, म्हणजे 'आनंद'वाल्यांचाच. तेव्हा बाबांचं रडणं आणि आईचं हसणं एकाच माणसाच्या खात्यावर जमा आहे. शिवाय 'आनंद'मधले डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची बायको म्हणजे आपले रमेश देव आणि सीमा देव. डॉक्टरांचं मराठीतून ऐकायलाही तुम्हाला हरकत नसावी.)

आई, तू हसू नकोस, आता तुझी पाळी. ललिताजी आठवते ना? सर्फची जाहिरात, निळ्या काठांची साडी, तिचा तो कडक आवाज, आणि "सस्ती चीज और अच्छी चीज में फर्क होता है, भाईसाब." मंडईत किडकी वांगी कुणी पुढे केली की तू हे वाक्य तोंडावर मारायचीस. घरी मात्र निरमाच यायचा, कारण पगार एकेकट्याचा पुरत नव्हता आणि दोघांचे मिळूनही महिनाअखेर यायचीच. ती जाहिरात मुळात निरम्याच्या स्वस्ताईला उत्तर म्हणूनच केलेली होती, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे ललिताजीचं तू ऐकलंस, पण खिशाला विचारून. मला हे शहाणपण तिच्यापेक्षा मोठं वाटतं. त्याच कविता चौधरी 'उडान'मधली कल्याणी झाल्या, तेव्हा मला अभ्यासावरून उठवून तू शेजारी बसवलंस. तसं तू एरवी कधीच केलं नव्हतंस. त्या मालिकेमागे त्यांच्या बहिणीची गोष्ट होती, कांचन चौधरी भट्टाचार्यांची. पुढे 2004 मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. कविता चौधरी 2024 च्या फेब्रुवारीत गेल्या, तेव्हा तुला फोन केला होता. तू थोडा वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस, "बाई ठाम होती."

तर ठाम बाई, स्टँडसमोरच्या गाड्यावरून घेतलेल्या चष्म्याने मोतीबिंदू जात नाही. सस्ती चीज आणि अच्छी चीज. "अजून पिकला नाही" हे तुझं पालुपद मी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून आलेय. पिकायची वाट बघायचा काळ गेला. उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं. रोजच्या कामात अडायला लागलं की करून घ्यायचं, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. तुझं अडतंय. तांदळातले खडे तू हल्ली हाताने चाचपतेस, हे तुझ्या नातीने मे महिन्यात पाहिलं. अर्ध्या कर्नाटकातून माणसं दवाखान्यासाठी आपल्या मिरजेला येतात आणि आपण मिरजेत राहून गाड्यावरचा चष्मा घेतो, हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

आता जे लिहायला मला खरं तर जड जातंय ते. दादाने दिवाळीत तुझ्याबरोबरचा फोटो टाकून खाली 'मेरे पास माँ है' लिहिलं होतं. तुला फार आवडलं. त्या रात्री आम्हा दोघांचं वाजलं, हे तुला माहीत नाही. तो म्हणतो तुम्ही पुण्याला त्याच्याकडे राहावं, मी म्हणते हैदराबादला. त्याच्याकडे लिफ्ट आहे, माझ्याकडे खालचा मजला. त्याच्याकडे मराठी बोलणारा शेजार आहे, माझ्याकडे नात. गाडी, बंगला, बँक बॅलन्स अशी यादी अमिताभ वाचतो ना, अगदी तशी आम्ही एकमेकांना वाचून दाखवतो.

मग 'दीवार' पुन्हा बघितला. शशी कपूरच्या त्या एका वाक्याने असं वाटतं की आई कुणाकडे राहणार हा दोन भावांमधला मामला आहे. सिनेमात तसं नाहीच. विजयचा पैसा कुठून येतो हे कळल्यावर बंगल्यातून निघायचं निरूपा रॉय स्वतः ठरवते. शेवटी रवीच्या हातात पिस्तूल तीच देते, आणि मग विजयची वाट बघायला देवळातही तीच जाते. पन्नास वर्षं लोक मुलाचं वाक्य म्हणतात. निर्णय सगळे आईचे आहेत. सलीम-जावेद यांनी ते लिहून ठेवलंय, आपण टाळ्यांच्या नादात ऐकलं नाही.

म्हणून दादाशी परवा शांतपणे बोलले आणि आमचं एकमत झालंय (होय, खरंच). तुम्ही दोघांनी सांगायचं. मिरजेतच राहायचं असेल तर तेही चालेल, मग दिवसभराची बाई ठेवू, न्हाणीघरात धरायला दांडे बसवू आणि वरच्या मजल्यावर झोपणं बंद. पुणं की हैदराबाद, की सहा-सहा महिने, जे असेल ते. फक्त "तुम्ही म्हणाल तसं" हे उत्तर आम्ही घेणार नाही.

बाबा, आणखी एक वाक्य तुम्ही फोनवर सारखं म्हणता. मी क्षणभर गप्प झाले की लगेच, "इतना सन्नाटा क्यों है भाई?" 'शोले'तला तो इमाम आंधळा आहे. समोर त्याच्या मुलाचं प्रेत आहे, गाव चिडीचूप उभं आहे आणि त्याला काही दिसत नाहीये, म्हणून तो विचारतो. ए. के. हंगल तेव्हा साठीच्या आसपास होते, तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पुढे तोच म्हातारा गावाला धीर देतो आणि जय-वीरूला गावातून घालवू देत नाही. आख्ख्या देशाने त्या वाक्याचा विनोद केला. कॉलेजात मीही केला. पण आता तुमच्या तोंडून ते ऐकलं की मला हसू येत नाही. तुम्हाला मी गप्प का झाले ते ओळखायचं असतं आणि सरळ विचारायचं नसतं, एवढं मला कळतं. सरळ विचारा. मी गप्प असते तेव्हा बहुतेक वेळा तुमची काळजी करत असते, कधी कधी फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजत असते.

आता कामाचं. दादा बुधवारी रात्री येतोय. गुरुवारी सकाळी बाबांचं रक्त द्यायचं, उपाशीपोटी. म्हणजे सहाचा चहासुद्धा नाही, दूध न घालताही नाही. सोबत तीन महिन्यांची साखर, लघवीची तपासणी आणि पाय दाखवणं. अकरा वाजता दोघांचे डोळे. आईचं ऑपरेशन ठरलं तर तारीख मला कळवा, मी रजा टाकून येते, नात पण येईल. जुन्या फाइली कपाटातून काढून आजच बाहेरच्या खोलीत ठेवा, दादाला शोधत बसायला लावू नका. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही त्याच पिशवीत टाका, नुसती नावं सांगू नका. आणि दादा आल्या आल्या त्याला "धनंजय माने इथेच राहतात का?" विचारायची मुभा आहे, पण डॉक्टरांना नाही.

पत्र मिळालं की फोन करा. कुठे राहायचं त्याची घाई नाही, पण गुरुवारचं नक्की सांगा.

तुमची,
मनी